नवरीच्या फोटोत रंगीत लाईट : कुठे शोभते, कुठे चेहरा बिघडवते?

बारामती/इंदापूर : तुळशीचं लग्न लागलं की बारामती आणि इंदापूर तालुक्यांत लगीनघाई सुरू होते. मंगल कार्यालयाबरोबर फोटोवाल्याचंही बुकिंग होतं. अलीकडे एका गालावर गुलाबी आणि दुसऱ्या गालावर निळा उजेड, अशा स्टुडिओ फोटोंची हौस वाढली आहे. मोबाईलवर असे फोटो पाहून "मला पण असाच पाहिजे" म्हणत मुली स्टुडिओत येतात. जमला तर फोटो देखणा होतो. नाही जमला तर कुंकू काळं, हळद मळकट आणि चेहरा आजारी दिसतो. नवरीचा साज पुन्हा चढत नाही, म्हणून यामागचं गणित फोटो काढणाऱ्याला आणि काढून घेणाऱ्याला, दोघांनाही माहीत हवं.

रंग बदलतात कशामुळे?

वस्तूवर पडलेल्या उजेडातला जो भाग ती परत फेकते, तोच रंग आपल्याला दिसतो. कुंकू लाल उजेड परत फेकतं, निळा आणि हिरवा गिळून टाकतं. त्यामुळे नुसत्या निळ्या लाईटमध्ये कुंकू आणि लाल लिपस्टिक काळी दिसते. हिरवा चुडा लाल लाईटमध्ये काळपट पडतो. हळद निळा उजेड शोषून घेते, म्हणून निळ्या लाईटमध्ये हळदीचा फोटो बेरंग होतो. मोत्याची नथ मात्र पांढरी. जशी लाईट, तसा तिचा रंग.

त्वचेचंही तसंच आहे. गव्हाळ किंवा सावळी त्वचा लाल उजेड जास्त आणि निळा कमी परत फेकते. निळ्या लाईटमध्ये चेहरा गडद होतो, मुरूम आणि डाग उठून दिसतात. लाल लाईटमध्ये डाग लपतात, पण ओठांची रेघही लपते आणि चेहरा सपाट होतो. समोरून हिरवी लाईट टाकली तर माणूस तापातून उठल्यासारखा दिसतो.

एडिटिंगमध्ये नीट होईल का?

दर वेळी नाही. १८६१ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने लंडनमध्ये दाखवून दिलं की लाल, हिरवा आणि निळा अशा तीन काचांमधून घेतलेले फोटो एकावर एक टाकले की रंगीत चित्र तयार होतं. आजचा मोबाईलचा कॅमेराही याच तीन रंगांवर चालतो. नुसत्या लाल उजेडात फोटो काढला, तर हिरव्या आणि निळ्या रंगाची नोंद जवळपास होतच नाही. जे टिपलंच नाही, ते कॉम्प्युटर कुठून आणणार? उलट पांढऱ्या उजेडातला फोटो नंतर हवा तसा रंगवता येतो.

स्टुडिओत काय करावं?

१. आधी चेहऱ्यावर साधी पांढरी लाईट लावा. रंगीत लाईट बाजूने किंवा मागून द्या. केस, खांदा आणि गालाची कड यांच्यावर रंग शोभतो.

२. पांढरी लाईट रंगीत लाईटवर पडली तर रंग फिका होतो. म्हणून नवरीला पडद्यापासून पाच-सहा फूट पुढे बसवा. लाईटपासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, त्यामुळे पडद्यावर पांढरा उजेड कमी पोहोचतो.

३. रंग गडद हवा असेल तर रंगीत लाईट कमी करा. जास्त केली की रंग पांढुरका होतो.

४. व्हाईट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. ५५०० केल्विनच्या आसपास पक्का करा. ऑटोवर कॅमेरा रंग 'दुरुस्त' करायला जातो आणि दर फोटोत चेहरा वेगळा येतो.

५. फोटोत आडवे पट्टे येत असतील तर शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे स्वस्त लाईट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते.

६. नुसत्या आरजीबी लाईटवर पांढरा रंग करून तो चेहऱ्यावर टाकू नका, त्वचेचा रंग फसतो. चेहऱ्यासाठी वेगळी पांढरी एलईडी घ्या. खोक्यावर सीआरआय ९५ किंवा जास्त लिहिलंय का ते बघा.

७. रंगीत जिलेटीन कागद लावून काम स्वस्तात भागतं. पण तापणाऱ्या हॅलोजनला तो चिकटवू नका, पेट घेऊ शकतो.

घरच्यांनी काय सांगावं?

पैसे ठरवतानाच बोलून घ्या : आधी साध्या उजेडातले फोटो, मग रंगीत. पैठणीचा आणि दागिन्यांचा खरा रंग साध्या फोटोतच राहतो. पहिले दोन-तीन फोटो मोठ्या स्क्रीनवर बघा. कुंकू लाल आणि चुडा हिरवा दिसतोय ना, एवढं तपासलं तरी पुरे. स्थळासाठी द्यायचा फोटो मात्र साध्या पांढऱ्या उजेडातच काढा. तिथे समोरच्यांना चेहरा बघायचा असतो, लाईट नव्हे.