मध्य आशियातील व्यापारी शहरांचा अभ्यासदौरा : बुऱ्हाणपूर, बुखारा आणि पाणचक्की

उझबेकिस्तानची सहल आता भारतीय पर्यटकांना अनोळखी राहिलेली नाही. दिल्लीहून ताश्कंद विमानाने सुमारे तीन तासांच्या अंतरावर आहे. तेथून समरकंद आणि बुखारा ही शहरे वेगवान रेल्वेने जोडलेली आहेत. पुढे वाळवंट ओलांडले की खिवा. ठरलेला मार्गदर्शक ठरलेल्या इमारती दाखवतो, आणि पर्यटक निळ्या घुमटांची छायाचित्रे घेऊन परततो. अध्यापकाचे काम एवढ्याने भागत नाही. वाळवंटाच्या काठावर ही शहरे उभी कशी राहिली, शतकानुशतके जगली कशावर, आणि आपल्या भागाशी त्यांचा संबंध काय, हे प्रश्न त्याला विचारावे लागतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार तीन गोष्टींच्या आधारे केला आहे : पाणी, सराई आणि पत.

मार्गाचे स्वरूप

‘रेशीम मार्ग’ हे नाव फार जुने नाही. जर्मन भूगोलज्ञ फर्डिनांड फॉन रिश्टहोफेन यांनी १८७७ मध्ये ते रूढ केले. प्रत्यक्षात एकच एक रस्ता कधीच नव्हता. वाटांचे जाळे होते. एखादा व्यापारी चीनपासून रोमपर्यंत चालत गेला असे क्वचितच घडे. माल एका शहरातून दुसऱ्या शहरात, एका हातातून दुसऱ्या हातात जाई. रेशमाबरोबर घोडे, कागद, सुती कापड, नीळ आणि सुकामेवाही या वाटांनी फिरत असे.

काफिला दिवसभरात जेवढा चालेल तेवढ्या अंतरावर सराई असावी लागे. तेथे माणसाला मुक्काम, जनावराला चारा आणि दोघांना पाणी मिळे. या टप्प्याला ‘मंझिल’ म्हणत. आपण मराठीत ‘मजल दरमजल करीत’ असे म्हणतो तेव्हा याच टप्प्यांचा हिशेब बोलत असतो. ‘मुक्काम’ हा शब्दही त्याच प्रवासातला आहे. विद्यार्थ्याला नकाशा दाखवण्यापूर्वी हे दोन शब्द दाखवले तर वाट परकी वाटत नाही.

पहिला टप्पा : बुऱ्हाणपूर

दौऱ्याची सुरुवात ताश्कंदपासून करण्याचे कारण नाही. तिगावहून रेल्वे घाट चढून मुलताईकडे जाते. मुलताईला तापीचा उगम आहे, आणि हीच तापी पुढे बुऱ्हाणपूरला लागून वाहते. मोगल काळात बुऱ्हाणपूर हे दख्खनचे दार होते. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए याने येथील कापड इराण, तुर्कस्तान, रशिया आणि पोलंडपर्यंत जात असल्याचे नोंदवले आहे.

याच शहरात १६१५ च्या सुमारास बांधलेला कुंडी भंडारा आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत मुरलेले पाणी भुयारी नहरीने शहरापर्यंत आणले आहे. नहरीच्या मार्गावर हवा आणि उपसा यांसाठी शंभरावर कुंड्या खोदल्या आहेत. इराण आणि मध्य आशियात या पद्धतीला कनात किंवा कारेझ म्हणतात. पाणी उताराने आपोआप येते. मोटेची किंवा रहाटाची गरज पडत नाही.

हे काम अब्दुर्रहीम खानखाना यांच्या कारकिर्दीत झाले असे मानले जाते. हिंदीचे विद्यार्थी त्यांना दोह्यांचे ‘रहीम’ म्हणून ओळखतात. त्यांचे घराणे तुर्कमान होते. बाबराचे आत्मचरित्र चगताई तुर्कीतून फारसीत त्यांनीच आणले. समरकंदच्या बागांचे वर्णन ज्याने भाषांतरित केले, तोच माणूस तापीकाठी अनेक वर्षे राहिला. दौरा येथून सुरू करण्याचे समर्थन एवढ्यातच मिळते.

दुसरा टप्पा : बुखारा

बुखारा झरफशान नदीच्या पाण्यावर जगला. ‘झर’ म्हणजे सोने. झरफशान म्हणजे सोने उधळणारी. आपल्या ‘जरतारी’मधला ‘जर’ तोच. नदीतून काढलेले कालवे शहरातील हौदांपर्यंत येत. १६२० मध्ये बांधलेला लब-ए-हौज आजही पाहायला मिळतो. ‘लब’ म्हणजे काठ, आणि ‘हौज’ म्हणजे आपला हौद.

पाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या साचलेल्या हौदांमुळे बुखाऱ्यात नारूचा रोग घरोघर होता. सोव्हिएत काळात बहुतेक हौद बुजवण्यात आले आणि रोग गेला. आपल्या मागच्या पिढीने विहिरींच्या पाण्यातून आलेला नारू पाहिला आहे. भारत त्यातून मुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २००० मध्ये जाहीर केले.

बाजार पाहताना छतांची नावे वाचावीत. सोळाव्या शतकातील तीन घुमटाकार बाजारपेठा शिल्लक आहेत. एक जरगरांची, म्हणजे सोनारांची. दुसरी टोप्या विकणाऱ्यांची. आणि तिसरी सराफांची. सराफ केवळ दागिने विकणारा नव्हता. तो नाणे पारखी, एका राज्याचे चलन दुसऱ्यात बदलून देई, आणि कागदावरच्या शब्दावर पैसे मोजी. अनोळखी माणसाच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवणे हीच पत, आणि दूरच्या व्यापाराचा पाया तोच.

या पतीच्या व्यवहारात भारतीयांचा मोठा वाटा होता. इंग्रज प्रवासी अँथनी जेन्किन्सन १५५८ च्या अखेरीस बुखाऱ्यात पोहोचला तेव्हा भारतातून पांढरे तलम सुती कापड घेऊन आलेले व्यापारी त्याला भेटले. पुढील शतकांत मुलतानी आणि शिकारपुरी सावकार तेथे स्थायिक झाले. ते बहुसंख्येने हिंदू होते, आणि मुस्लिम अमिराच्या राजधानीत त्यांची स्वतंत्र सराई होती. हा तपशील पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. वर्गात तो आवर्जून यावा.

तिसरा टप्पा : समरकंद आणि खिवा

समरकंद १२२० मध्ये चंगेजखानाच्या स्वारीत उद्ध्वस्त झाले, आणि १३७० नंतर तैमूरची राजधानी म्हणून पुन्हा उभे राहिले. रेगिस्तान चौकातील तीन मदरशांपैकी सर्वांत जुना उलुगबेगचा. तो १४२० मध्ये पूर्ण झाला. तैमूरचा हा नातू राज्यकर्त्यापेक्षा गणिती म्हणून मोठा. त्याच्या वेधशाळेत १,०१८ ताऱ्यांची सारणी १४३७ मध्ये तयार झाली. १४४९ मध्ये मुलाच्याच सत्तास्पर्धेत त्याचा खून झाला आणि वेधशाळा मातीखाली गेली. तिचे अवशेष १९०८ मध्ये सापडले. सारणी मात्र वाटेने पुढे गेली. अठराव्या शतकात सवाई जयसिंगाने आपला पंचांगग्रंथ रचताना तिचा आधार घेतला. उज्जैनची वेधशाळा त्याच जयसिंगाची.

खिवा ज्या ख्वारिझम प्रदेशात आहे, त्या प्रदेशाच्या नावावरून अल्-ख्वारिझ्मी ओळखला जातो. बीजगणिताच्या इतिहासात त्याचे स्थान सर्वांना माहीत आहे. पण खिव्यात गुलामांचा बाजारही होता आणि तो एकोणिसाव्या शतकापर्यंत चालला. हिंदुकुशापलीकडे विकल्या गेलेल्यांत भारतीयही होते. ज्या वाटेने तारे मोजणारी सारणी आली, तिनेच साखळदंडातील माणसेही गेली. अभ्यासदौऱ्यात दोन्ही गोष्टी सांगाव्या लागतात.

अखेरचा टप्पा : पाणचक्की

बुखाऱ्याजवळ गिजदुवान नावाचे गाव आहे. तेथून सतराव्या शतकात दोन नक्शबंदी दरवेश निघाले आणि काबूलमार्गे दख्खनला आले : बाबा शाह पलंगपोश आणि बाबा शाह मुसाफिर. पलंगपोश १६९९ मध्ये आणि मुसाफिर १७१५ मध्ये निवर्तले. दोघांच्या कबरी औरंगाबादेत (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) पाणचक्कीच्या आवारात आहेत.

त्यांचे उत्तराधिकारी शाह महमूद यांनी दोघांच्या आठवणी फारसीत संकलित केल्या. ‘मल्फूजात-ए-नक्शबंदिया’ या ग्रंथाचे सायमन डिग्बी यांनी केलेले इंग्रजी भाषांतर २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातून दिसणारे चित्र सरळ आहे. पलंगपोश औरंगजेबाचा सरदार गाजीउद्दीन खान फिरोजजंग याच्या फौजेबरोबर फिरत. म्हणजे ते दख्खनच्या युद्धातही होते. मुसाफिर मात्र तकियात स्थिरावले. तुराणातून येणारे शिपाई, दरवेश आणि वाटसरू तेथे उतरत, जेवत आणि मायदेशाची खबर घेत. बुखाऱ्याच्या वाटेवरची ही अखेरची सराई होती असे म्हणता येईल.

पुढे अठराव्या शतकात तेथे भुयारी नळाने हरसूलकडील पाणी आणले गेले. उंच मनोऱ्यातून पाणी हौदात कोसळते आणि त्याच्या जोरावर जाते फिरते. त्यावर तकियातील आश्रितांसाठी धान्य दळले जाई. मोठ्या हौदाच्या खाली प्रशस्त दालन आहे; हौदाचा तळ हेच त्याचे छत. येथे मोठा ग्रंथसंग्रहही होता. पाणी, सराई आणि विद्या एकाच आवारात पाहायची असेल तर बुखाऱ्याच्याही आधी येथे यावे.

वर्गासाठी काही सूचना

एक : विद्यार्थ्यांकडून मुक्काम, मजल, सराफ, हौद, नहर, मुसाफिर यांसारख्या शब्दांची यादी करून घ्यावी, आणि प्रत्येक शब्द नकाशावर कोणत्या शहराशी जोडता येईल ते विचारावे.

दोन : कुंडी भंडारा किंवा पाणचक्की येथे नेताना इमारत कोणी बांधली एवढ्यावर न थांबता पाणी कोठून येते, उतार किती आणि आज नहरीची स्थिती काय, याची नोंद मुलांनी करावी.

तीन : अरल समुद्राचे उदाहरण जरूर द्यावे. १९६० नंतर कापसासाठी अमुदर्या आणि सिरदर्याचे पाणी वळवले गेले आणि जगातील चौथे मोठे सरोवर बहुतांशी आटले. पांढुर्णा-सौंसरसारख्या कापूस आणि संत्र्याच्या पट्ट्यातील मुलांना हा धडा समजावून सांगावा लागत नाही.

समारोप

त्या दिशेने आपल्याकडे फक्त तलवार आली असे काही जण शिकवतात, आणि फक्त संत आले असे काही जण. दोन्ही अर्धवट आहे. फौज आली, दरवेश आला, सावकार येथून तेथे गेला, आणि नहर खोदण्याची विद्या येथे रुजली. विद्यार्थ्याला हे सगळे एकत्र पाहता आले तर दौरा सार्थकी लागला, मग तो विमानाने झालेला असो वा वर्गातल्या नकाशावर.