गव्हाचं वावडं

पोळ्यांसाठी भिजवलेल्या कणकेतला लिंबाएवढा गोळा घ्या आणि नळाच्या बारीक धारेखाली बोटांनी हळूहळू चोळत राहा. आधी दुधासारखं पांढरं पाणी निघेल. ते निघू द्या. पाणी नितळ झालं की हातात उरेल एक चिवट, पिवळट, रबरासारखा तुकडा. ताणला तर लांबतो, सोडला तर आखडतो. याचंच नाव ग्लूटेन. पोळी लाटता येते, फुगते, आत पुरण भरलं तरी फाटत नाही, ती या चिवटपणाच्या जोरावर. ज्वारीत हा गुण नाही. म्हणून तर भाकरी लाटता येत नाही, गरम पाण्यात पीठ मळून हातानं थापावी लागते!

काही माणसांच्या आतड्याला नेमका हा चिवट पदार्थ सोसवत नाही. या आजाराला सिलिअॅक म्हणतात. ही साधी अॅलर्जी नाही, अपचन नाही, आणि ‘गहू जरा जड पडतो’ तसलाही प्रकार नाही. ग्लूटेन पोटात गेलं की शरीराची संरक्षण यंत्रणा खवळते आणि आपल्याच लहान आतड्यावर चालून जाते. आतड्याच्या आतून टर्किश टॉवेलवर असते तशी बारीक लव असते. अन्नातलं सत्त्व शोषून घेण्याचं काम तिचं. ही लव झिजत झिजत सपाट होते. मग तूप द्या, बदाम द्या, लोहाच्या गोळ्या द्या... सगळं येतं आणि जातं.

“पोट्टी खाते तं पोटभर, पण अंगाले लागत नाई.” आपल्या वाशिम जिल्ह्यात हे वाक्य कोणी ऐकलं नसेल असं नाही. बहुतेक वेळा त्यामागे जंत असतात, अपुरं अन्न असतं, कधी टीबी असतो. डॉक्टरही आधी तेच शोधतात आणि त्यात काही गैर नाही. पण जंताचं औषध झालं, टॉनिकच्या बाटल्या झाल्या, तरी लेकरू तिथल्या तिथंच, तेव्हा काय?

माझ्या मावसबहिणीच्या मुलीचं असंच झालं. मंगरूळपीर तालुक्यातलं खेडं. पोरगी पाच वर्षांची असल्यापासून पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काड्या, तोंडात सारखे फोड. वर्गात सगळ्यांत बुटकी. हिमोग्लोबिन सात-आठच्या वर सरकेना. दोनदा रक्त चढवलं, वर्षानुवर्षं गोळ्या दिल्या, गंडादोराही झाला. चौदावं सरत आलं तरी पाळीचा पत्ता नाही. आणि अशक्त लेकरू म्हणून घरचे तिला प्रेमानं काय खाऊ घालत होते? दुधात कुस्करलेली पोळी, रव्याचा शिरा आणि बिस्किटं! एका डॉक्टरांनी शेवटी विचारलं, “दिवसातून किती पोळ्या खाते ही?” तो प्रश्न त्याआधी कोणी विचारलाच नव्हता.

तपासणी अवघड नाही. पहिली साधी रक्ताची, टीटीजी-आयजीए नावाची. रक्त वाशिम, कारंजा, रिसोड अशा ठिकाणच्या लॅबमध्येही देता येतं, नमुना मोठ्या शहरात जातो आणि काही दिवसांत रिपोर्ट येतो. तिच्याबरोबर एकूण आयजीए किती आहे तेही बघायला सांगा. काहींच्या अंगात मुळात ते कमी असतं, मग आजार असूनही टीटीजी नॉर्मल दिसते. रक्तात दोष दिसला तर पुढची पायरी एंडोस्कोपी. तोंडातून बारीक नळी घालून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातले कणाएवढे चार-सहा तुकडे काढतात. ऐकायला भीती वाटते, पण ऑपरेशन नव्हे ते, बहुधा त्याच दिवशी घरी येता येतं. त्यासाठी पोटविकारतज्ज्ञ लागतो आणि आपल्याकडची माणसं बहुतेक अकोला, अमरावती नाहीतर नागपूर गाठतात. लहान मुलांत टीटीजी फारच जास्त, म्हणजे मर्यादेच्या दहापट वगैरे निघाली, तर आणखी एक रक्ततपासणी करून बायोप्सीशिवाय निदान करण्याची पद्धतही आता आहे. तो निर्णय मात्र डॉक्टरांचा.

आणि आता सगळ्यांत महत्त्वाचं. तपासणीच्या आधी गहू बंद करायचा नाही! कोणीतरी सांगतं, “पोळी सोडून पाहा, बरं वाटते का.” आपण सोडतो, बरं वाटतं, मग तपासायला जातो आणि रिपोर्ट येतो निर्दोष. कारण गहू थांबला की रक्तातला पुरावाही हळूहळू पुसला जातो, आतडं सुधारू लागतं. मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुन्हा काही आठवडे गहू खाऊन तपासणी करावी लागते. बऱ्या झालेल्या लेकराला मुद्दाम आजारी पाडायचं, हे आईच्या जिवावर येतं हो. म्हणून आधी तपासणी, मग पथ्य.

गव्हाशी या आजाराचं नातं जोडलं एका डच बालरोगतज्ज्ञानं, विलेम डिके त्यांचं नाव. आजाराचं वर्णन लंडनच्या सॅम्युएल गी यांनी १८८८ मध्येच केलं होतं, पण दोष कशाचा ते कळत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भयंकर दुष्काळ पडला. पाव मिळेनासा झाला, लोक ट्यूलिपचे कंद उकडून खाऊ लागले. सगळीकडं उपासमार आणि दवाखान्यातली ही आजारी मुलं मात्र सुधारत होती. पुढं पाव परत आला आणि मुलं पुन्हा खंगली. डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता, या अनुभवानं तो पक्का झाला. १९५० मध्ये त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला.

आपल्या देशात पंजाब-हरियाणाकडं हा आजार डॉक्टरांच्या चांगला ओळखीचा. आपल्याकडं नाव काढलं की लोक तोंडाकडं बघतात. २०१६ मध्ये देशाच्या तीन भागांतल्या तेवीस हजारांवर लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. उत्तरेत शंभरात एकाहून थोडे जास्त जण सापडले, दक्षिणेत हजारात एक. गंमत अशी की हा आजार होण्यासाठी लागणारी जनुकं दोन्हीकडं जवळपास सारखीच, साधारण तिघांतल्या एकाकडं. फरक होता ताटातल्या गव्हाचा. जनुकं असलेल्या सगळ्यांनाच आजार होत नाही, फार थोड्यांना होतो. पण गहूच नसेल तर तो डोकं वर काढत नाही.

आता आपल्या ताटाकडं बघा. आमच्या आज्या सणावारालाच पोळी करत. रोजची ज्वारीची भाकरी, कण्या, कळणा. वऱ्हाडात खरिपात ज्वारीचा पेरा असायचा. मग सोयाबीन आलं. ज्वारीला रानडुकरं, पाखरं, काढणीचा खर्च, आणि भाव बेताचा. सोयाबीन चार महिन्यांत निघतं आणि हातात पैसा येतो, त्यामागं रब्बीला हरभरा, पाणी असेल तर गहू. रेशनवरही गहू. भाकरी थापायला वेळ लागतो, डब्यात कडक होते, शिवाय पोळी म्हणजे जरा प्रतिष्ठेची... एका पिढीत भाकरी मागं पडली. मी ज्वारीची भक्तीण नाही, मलाही गरम पोळी आवडते. पण आपल्या जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी आणि आयांनी हा आजार आता ध्यानात ठेवायला हवा, असं मला वाटतं ते यामुळं.

बायकांना तर जास्तच. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. त्यातल्या बहुतेकींचं कारण अन्न, पाळीतला रक्तस्राव, बाळंतपणं हेच. प्रत्येकीनं सिलिअॅक समजून घाबरायचं नाही. पण गोळ्या नेमानं घेऊनही हिमोग्लोबिन चढत नसेल, कमी वयात हाडं ठिसूळ निघत असतील, वारंवार गर्भपात होत असेल, कारण न सापडता मूल राहत नसेल, तर त्या यादीत ही एक तपासणी असावी. जुलाब असतातच असं नाही, काहींना उलट बद्धकोष्ठ असतो. लहानपणी मधुमेह झालेली मुलं आणि थायरॉइडचा एक प्रकार असलेल्या बायका, यांच्यातही याचं प्रमाण जास्त असतं. ‘वांझ’ म्हणून टोमणे खाणाऱ्या एखादीचं दुखणं आतड्यात असू शकतं, हे सासरच्यांना कोण सांगणार?

औषध? नाही. गोळी नाही, इंजेक्शन नाही, काढा नाही. ‘मुळापासून बरा करतो’ म्हणणाऱ्याच्या दारात जाऊ नका. गहू, जव आणि आपल्याकडं न पिकणारी राय, एवढी तीन धान्यं जन्मभरासाठी बंद, हाच उपचार. रवा, मैदा, शेवया, दलिया, खपली हे सगळं गहूच.

माझ्या बहिणीला वाटलं, आता पोरीला खायला घालायचं काय? मी म्हटलं, “बाई, एकादशीला काय करतेस ते आठव.” भगर, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा, शेंगदाणे, बटाटे! उपासाच्या फराळात गहू नसतोच. वर्षाचे इतके उपास सांभाळणाऱ्या बाईला हे पथ्य परकं नाही. शिवाय ज्वारी, बाजरी, मका, तांदूळ, सगळ्या डाळी, बेसन. पिठलं-भाकरी, गोळाभात, पाटवडीचा रस्सा, ज्वारीचं आंबील, लाह्या. शहरात डब्यावर ग्लूटेन फ्री लिहून बिस्किटं विकतात, किलोत २० मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन असेल तरच तसं लिहायची परवानगी आहे. प्रवासात ती उपयोगी पडतात, पण महाग, आणि त्यांवाचून काही अडत नाही. उगाच बारीक होण्यासाठी घरादाराची पोळी बंद करणाऱ्यांचं मला नवल वाटतं, ज्याला आजार नाही त्याला गव्हानं काही होत नाही.

अवघड आहे ते लपलेल्या गव्हाचं. पहिला चोर म्हणजे हिंग! डबीतला बांधणी हिंग बहुधा पिठात कालवलेला असतो आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं. डबीवरचे बारीक अक्षर वाचा, नाहीतर फोडणीत हिंग घालूच नका. दुसरा चोर पिठाची गिरणी. आधीच्या माणसाचे गहू दळून झाले की त्याच जात्यात आपली ज्वारी पडते, गव्हाचं पीठ बरोबर येतंच. बहिणीनं पहिले तीन महिने पथ्य काटेकोर पाळलं तरी पोरीचं पोट फुगायचं थांबेना, ते या गिरणीमुळं. मग सासूबाईंनी माळ्यावरचं जातं उतरवलं. आता त्यांनी घरघंटी घेतली आहे, तिच्यात गहू घालायचा नाही असा दंडक. ज्वारीही निवडून घ्या, गव्हाचे दाणे हमखास सापडतात. भाकरी तुटू नये म्हणून कोणी पिठात मूठभर कणीक मिसळतं, तेही नको.

परात वेगळी, पोळपाट-लाटणं वेगळं. तवा एकच असेल तर आधी भाकऱ्या, मग पोळ्या. पुऱ्या तळलेल्या तेलात तिचे भजे तळायचे नाहीत. कुरडया बंद. आपल्याकडच्या सातूच्या पिठात भाजलेला गहू असतो, दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीत जव. ओट्स शुद्ध असतील तर चालतात म्हणतात, पण कारखान्यात गहू मिसळतो, म्हणून सुरुवातीला टाळलेले बरे. सत्यनारायणाचा प्रसाद हातावर घेऊन डोळ्यांना लावायचा आणि भावाला द्यायचा, हे तिनं स्वतःच ठरवलं.

लोकांचं बोलणं मात्र ऐकावं लागतं. “एवढ्याशा पुरणपोळीनं काय होते वं माय!” असं म्हणून मामीनं पानात वाढलीच. होतं, एवढ्याशानंही होतं. आतडं भांडायला कणभर निमित्त शोधत असतं. शाळेत बाईंना चिठ्ठी दिली, लग्नाला जाताना डबा बरोबर. तिच्या लग्नाची चर्चा निघाली की आजी गप्प बसते. बहिणीचं म्हणणं, लपवायचं नाही, आधीच सांगायचं. मला ते पटतं. सून पोळी करू शकते, फक्त खाऊ शकत नाही, एवढं ज्याला समजत नाही त्या घरात तिनं जायचं तरी कशाला?

दोन वर्षं झाली. पोट उतरलं, तोंडातले फोड गेले, हिमोग्लोबिन अकराच्या पुढं आहे. उंची चांगलीच वाढली आणि पंधराव्या वर्षी पाळी सुरू झाली. दर वर्षी टीटीजी तपासतात, आकडा उतरतो आहे.

हा आजार रक्ताच्या नात्यात असू शकतो. रुग्णाच्या आई-वडील, भावंडं, मुलांपैकी शंभरातल्या सात-आठ जणांत तो निघतो, म्हणून त्रास नसला तरी सगळ्यांची एकदा तपासणी करायची असते. धाकट्या भावाची केली, निर्दोष निघाली. वडिलांचीही झाली. बहिणीची राहिली आहे. तिचं हिमोग्लोबिन गेली कित्येक वर्षं नऊवर अडकलेलं आहे, आणि विचारलं की म्हणते, “मले काय होते? सोयाबीन निघू दे, मग पाहू.”