लोण्यात बुडालेली मॅकरोनी

२ एप्रिल २०१८ रोजी, ज्याकोमो कॅसानोव्हाच्या जन्मदिवशी, व्हेनिसमधल्या पेझारो-पापाफावा वाड्यात त्याच्या नावाचं संग्रहालय उघडलं. भर जुन्या वस्तूंवर कमी आणि ध्वनी, प्रकाश, आभासी दृश्यांचे चष्मे यांवर जास्त. प्रेक्षकाने अठराव्या शतकात शिरायचं आणि रंगेल म्हणून झालेल्या बदनामीआडचा खरा माणूस पाहायचा.

खरा माणूस? त्याचा मुख्य साक्षीदार तो स्वतःच. नट-नटीच्या पोटी १७२५ साली जन्मलेल्या या माणसाने फ्रेंचमध्ये आत्मचरित्राची सुमारे ३,७०० पानं लिहून ठेवली. २०१० साली फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे हे हस्तलिखित आलं, तेव्हा त्याची किंमत होती सत्तर लाख युरोंच्या वर.

त्यातला सगळ्यांत गाजलेला भाग तुरुंगातून पळण्याचा. २६ जुलै १७५५ रोजी त्याला पकडून डोजेच्या, म्हणजे व्हेनिसच्या शासकाच्या, राजवाड्यात, शिशाच्या पत्र्यांखालच्या कोठडीत डांबलं. शिक्षा पाच वर्षांची, पण ती त्याला कुणी सांगितलीच नाही. सापडलेला लोखंडी दांडा दगडावर घासून त्याने टोकदार केला, महिनोन्‌महिने जमीन पोखरली. भोक होत आलं आणि पहारेकऱ्याने, मेहेरबानी म्हणून, त्याला चांगल्या हवेशीर कोठडीत हलवलं! मग पोखरण्याचं काम दुसऱ्याकडून करून घेणं भाग होतं, म्हणून दांडा पोचवायचा होता बाल्बी नावाच्या कैदी पाद्र्याकडे. जाडजूड बायबलात तो लपवला, तरी टोकं बाहेर डोकावतच होती. कॅसानोव्हाने त्यावर मॅकरोनीचं भलंमोठं ताट ठेवलं, वितळलेलं लोणी काठोकाठ. लोणी सांडू नये या काळजीत पहारेकऱ्याची नजर ताटावरून हलली नाही आणि हत्यार त्याच्याच हातांनी पोचतं झालं. ३१ ऑक्टोबर १७५६च्या रात्री दोघे छतावर चढले, पुन्हा इमारतीत उतरले आणि सकाळी सरळ दारातून बाहेर पडले. दार उघडणाऱ्याला वाटलं, आदल्या दिवशी चुकून कुणी आत कोंडलं गेलं असावं.

छतावरची ती रात्र चष्म्यातून छान दिसेल. पळाल्यानंतर पॅरिसमध्ये सैनिकी शाळेसाठी उभारलेली सोडत मात्र दाखवायला अवघड: ९० आकड्यांतून ५ काढायचे, गणित सरकारच्या बाजूचं. १७५८ साली पहिली सोडत निघाली. कल्पना एकट्या कॅसानोव्हाची नव्हे, काल्झाबिजी बंधूही त्यात होते. पण दरबाराच्या गळी ती उतरवण्यात त्याच्या जिभेचा वाटा मोठा. शयनगृहाच्या देखाव्यांपेक्षा मला हा कॅसानोव्हा अधिक कळतो.

शयनगृहाबद्दल बोलायचंच तर रशियातलं प्रकरण वगळून चालणार नाही. तिथे १०० रूबल मोजून त्याने एक मुलगी विकत घेतली. वय, त्याच्याच अंदाजाने, तेराच्या आसपास. ही हकिकत त्याने लपवली नाही आणि तिची लाजही बाळगली नाही. मखमली पडदे आणि मंद प्रकाश यांत हा व्यवहार कुठे बसवणार?

१७८५ पासून तो बोहेमियातल्या डुक्सच्या गढीत काउंट वाल्डश्टाइनचा ग्रंथपाल होता. १७९८ साली तिथेच वारला. आत्मचरित्र लिहिलं ते याच गढीत, आणि ते १७७४पाशीच थांबतं. म्हातारपणाचं चित्र इतरांकडून मिळतं. प्रिन्स द लिन्य या त्याच्या स्नेह्याने नोंदवून ठेवलंय, की गढीत रोज काही ना काही कुरबूर चाले: कधी कॉफीवरून, कधी दुधावरून, कधी मागितलेल्या मॅकरोनीच्या ताटावरून.