युरिक ॲसिड वाढलं, दोष वरणाला

नागपुरात कुणाचं युरिक ॲसिड आठवर गेलं की दुसऱ्या दिवशी घरातलं वरण बंद. पालक बंद, टमाटर बंद. पंगतीतल्या डाळभाजीकडे तर बघायचंही नाही. किती वेळा सांगायचं? २००४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ४७ हजार पुरुषांचा बारा वर्षांचा अभ्यास आला. मटण-मासळीनं गाउटचा, म्हणजे युरिक ॲसिडमुळे सांधे सुजण्याचा, धोका वाढला, डाळी-पालकानं नाही.

बहुतेक युरिक ॲसिड शरीर स्वतःच तयार करतं आणि त्यातलं सुमारे दोन तृतीयांश किडनी बाहेर टाकते. ते वाढतं तेव्हा बहुतेकदा किडनीचंच काम मंदावलेलं असतं. वजन, रक्तदाब, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या ही कारणं डॉक्टर विचारतात. शिशाबद्दल कुणी विचारत नाही. शिसं किडनीच्या नलिकांना इजा करतं, मग युरिक ॲसिड रक्तातच तुंबतं. हे काही नवं नाही. गाउटच्या आपल्या इस्पितळी रुग्णांपैकी चारातल्या एकाला तरी शिशाची बाधा झालेली असते, असं लंडनच्या आल्फ्रेड गॅरडनं १८५९ मध्येच लिहिलं. त्यात नळकामगार आणि रंगारी बरेच. २०१२ च्या एका अमेरिकी अभ्यासात तर ‘सुरक्षित’ समजल्या जाणाऱ्या पातळीतही, शिसं सर्वांत जास्त असलेल्या गटात गाउटचा धोका साडेतीन पटींहून अधिक दिसला.

म्हणून ताटाआधी कामधंदा विचारा: जुन्या बॅटऱ्या फोडणं, रेडिएटरला डाग देणं, जुना रंग खरवडणं.

‘आयुर्वेदिक पुडी आहे, अपाय नाही’ हे ऐकलं की मात्र माझा संयम सुटतो. अहो, काही पुड्यांत नागभस्म असतं, आणि त्यातला नाग म्हणजे शिसं! २००४ मध्ये बोस्टनच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तर १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं.

पाण्यात शिशासारखे जड धातू असले तर ते उकळून जात नाहीत. पाणी आटतं, धातू मागे उरतात. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांच्या राखेत जड धातू असतात हे खरं, पण तेवढ्यावरून तिथल्या प्रत्येकाच्या पायाच्या सुजलेल्या अंगठ्याचं खापर राखेवर फोडता येत नाही. रक्तातलं शिसं तपासावं लागतं. ‘डिटॉक्स’च्या बाटलीनं शिसं निघत नाही. ते काढायची औषधं वेगळी आणि डॉक्टरांच्याच हातची.

आणि ‘शिशाचं काम सोडून वीस वर्षं झाली’ म्हणून डॉक्टरांपासून लपवू नका. रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्म्यावर येतं, हाडांतलं मात्र दशकं मुक्काम करतं.