बालवयातील आवर्ती पॅरोटिड दाह

बालवयातील आवर्ती पॅरोटिड दाह हा मुलांमधील लालाग्रंथींचा एक विरळ, दीर्घकालीन विकार आहे. यात कानाच्या पुढे व खाली असलेली पॅरोटिड ग्रंथी वारंवार सुजते. हा विकार बहुधा ३ ते ६ वर्षे वयात सुरू होतो आणि मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये अधिक आढळतो. त्याचे नेमके कारण ज्ञात नाही.

लक्षणे
सूज सहसा एका बाजूस येते. चावताना वेदना होतात, काही वेळा तापही येतो. सूज काही दिवसांत ओसरते व काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा उद्भवते.

निदान
पहिल्या खेपेस ही सूज अनेकदा गालगुंड समजली जाते. गालगुंड हा आजार मात्र विषाणुजन्य असून सहसा आयुष्यात एकदाच होतो. त्यामुळे सूज पुन्हा आल्यास या विकाराची शंका घेतली जाते. सोनोग्राफीत ग्रंथीतील सूक्ष्म नलिका प्रसरण पावलेल्या दिसतात. श्योग्रेन विकार, एचआयव्ही संसर्ग आणि प्रतिकारशक्तीची कमतरता यांचीही शक्यता तपासली जाते.

उपचार
भरपूर पाणी, ग्रंथीचे हलके मर्दन आणि वेदनाशामके यांवर भर असतो. प्रतिजैविके केवळ जिवाणुसंसर्गाची शंका असल्यास देतात. बहुतेक मुलांमध्ये हा विकार पौगंडावस्थेपर्यंत आपोआप थांबतो. चेहऱ्याची चेतातंतू ग्रंथीतून जात असल्याने ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया शक्यतो टाळली जाते.