बॅज बघू नका, उघडा! विद्यापीठांच्या डिजिटल बॅजमधून आपण काय शिकायचं?



दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सीझनला मला दुकानात एक माणूस हवा होता. माझं स्टेशनरी आणि गिफ्टचं दुकान, कॉलेज जवळच, त्यामुळे दोघं जण विचारायला आली. मुलाकडे फाईलभर सर्टिफिकेटं होती, त्यात एक 'इव्हेंट मॅनेजमेंट'चं. मुलगी मात्र रिकाम्या हातानं आलेली. मी मुलाला ठेवलं. चार दिवसांत कळलं, ते सर्टिफिकेट दोन तासांच्या भाषणाला बसल्याचं होतं. गल्ल्यावर गर्दी झाली की तो बिचारा गोंधळून जायचा. आणि त्या मुलीनं कॉलेजच्या खाद्यमहोत्सवात तीन दिवसांचा सगळा हिशेब एकटीनं सांभाळला होता. हे मला कळलं दिवाळी संपल्यावर, तिच्या सरांकडून!

चूक माझी होती, मी कागद मोजत बसले. पण त्या मुलीच्या कामाची कुठेच नोंद नव्हती, हेही तितकंच खरं. वर्गाबाहेर मुलं जे शिकतात त्याची नीट नोंद व्हावी म्हणून बरीच विद्यापीठं डिजिटल बॅज देतात. विषय विद्यापीठाचा असला तरी माणसं ठेवणाऱ्या आणि ट्रेनिंग देणाऱ्या आपल्यासारख्यांच्या कामाचा आहे.

बॅज म्हणजे नक्की काय?

दिसायला ते एक छोटं चित्र असतं. पण त्या चित्राच्या फाईलमध्येच माहिती भरलेली असते: बॅज कुणी दिला, कुणाला दिला, कधी दिला आणि काय केल्यावर दिला. केलेल्या कामाचा पुरावाही जोडता येतो. फोटो, अहवाल, हिशेबाची शीट, काहीही.

यासाठी 'ओपन बॅजेस' नावाचं एक सामाईक मानक आहे. मोझिला फाउंडेशननं मॅकआर्थर फाउंडेशनच्या मदतीनं हे काम सुरू केलं आणि २०१३ मध्ये पहिली आवृत्ती आली. आता हे मानक वनएडटेक ही संस्था सांभाळते. मानक सामाईक असल्यामुळे एका विद्यापीठाचा बॅज दुसऱ्या ठिकाणीही वाचता आणि तपासता येतो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठानं २०१२ मध्येच 'पासपोर्ट' नावाची स्वतःची बॅज व्यवस्था आणली होती.

आता तुम्ही म्हणाल, चित्र तर कुणीही कॉपी करेल. बरोबर! आपल्या दुकानात गिऱ्हाईक पेमेंट झाल्याचा स्क्रीनशॉट दाखवतं, तेव्हा आपण काय करतो? साउंडबॉक्स वाजायची वाट बघतो. इथेही तेच. चित्रावर विश्वास ठेवायचा नाही, लिंक उघडायची. देणाऱ्या संस्थेची नोंद आणि समोरच्याचं नाव जुळलं, तर तो बॅज खरा.

विद्यापीठं हे सांभाळतात कसं?

बॅज तयार करणं सोपं आहे. बऱ्याच कॉलेजांत वापरलं जाणारं मूडल हे मोफत सॉफ्टवेअर २०१३ पासून बॅज देऊ शकतं. अवघड आहे ते व्यवस्थापन. त्यातली चार कामं महत्त्वाची.

१. निकष आधी लिहायचा. 'सक्रिय सहभाग' हा निकष झाला नाही. त्या मुलीच्याच कामाचं घ्या: 'तीन दिवस रोज संध्याकाळी रोकड आणि विक्री जुळवली, फरक आला तर कारण लिहिलं.' हा झाला निकष. मूडलमध्ये एकदा कुणाला बॅज मिळाला की त्याचा निकष बदलता येत नाही. नाहीतर आधीच्याला अवघड आणि नंतरच्याला सोपं, असा घोळ होईल.

२. मंजुरी कुणाची, हे ठरवायचं. प्रत्येक विभागानं मनाला येईल तसे बॅज वाटले तर त्यांची किंमत राहत नाही. म्हणून नवीन बॅज सुरू करण्याआधी कुणीतरी एकानं तपासायचं: असा बॅज आधीच आहे का? पुरावा कोण बघणार? नुसत्या हजेरीचा आणि करून दाखवलेल्या कामाचा बॅज वेगळा दिसायलाच हवा.

३. वेळेवर द्यायचा. महोत्सव डिसेंबरमध्ये आणि बॅज जूनमध्ये, तोवर पुरावे हरवतात आणि बघणारे सरही बदललेले असतात.

४. मुदत आणि माघार. प्रथमोपचारासारखं कौशल्य कायम ताजं राहत नाही, अशा बॅजला मुदत घालता येते. चुकून दिलेला बॅज रद्दही करता येतो. कागदी सर्टिफिकेट एकदा हातातून गेलं की गेलं.

आपल्याकडे काय?

राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थी दोन वर्षांत २४० तास काम करतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमांत एनएसएस, एनसीसी, क्रीडा, सांस्कृतिक उपक्रम यांना क्रेडिटही मिळतात. ही क्रेडिट जमा ठेवायला २०२१ पासून अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे.

पण क्रेडिट आणि बॅज यांत गल्लत करू नका. क्रेडिट पदवीच्या हिशेबात धरलं जातं. त्या २४० तासांत मुलानं झाडं लावली, रक्तदान शिबिराची नोंदणी सांभाळली की नुसता फोटोत उभा राहिला, हे क्रेडिटच्या आकड्यावरून कळत नाही. नीट लिहिलेल्या बॅजवरून कळतं. आपल्याला कामावर माणूस ठेवताना नेमकं तेच हवं असतं.

तुम्ही काय करायचं?

माणूस ठेवताना बॅजची लिंक उघडा आणि तीन गोष्टी बघा: काय केल्यावर मिळाला, पुरावा आहे का, तपासला कुणी. बॅज नसेल तरी हेच तीन प्रश्न तोंडी विचारा. मी त्या मुलीला एवढंच विचारलं असतं, "कॉलेजात कधी पैशांचा व्यवहार सांभाळलास का?" तरी काम झालं असतं.

आणि तुम्ही क्लास किंवा वर्कशॉप घेत असाल, तर सुरुवात स्वतःपासून करा. मीही आधी येईल त्याला सर्टिफिकेट द्यायचे, शेवटी ग्रुप फोटो छान येतो ना! आता माझ्या हिशेबाच्या वर्कशॉपनंतर ३० दिवसांची रोजमेळाची वही दाखवल्याशिवाय सर्टिफिकेट देत नाही. सुरुवातीला काही जण नाराज झाले, दोघांनी फी परत मागितली. पण वही घेऊन जे येतात, त्यांची शिफारस मी आता कुणाकडेही बिनधास्त करते.

आज एक काम करा. तुम्ही देता किंवा तुम्हाला मिळालेलं कोणतंही एक सर्टिफिकेट समोर घ्या आणि त्याच्या मागे एका वाक्यात लिहा: 'हे मिळवायला नक्की काय करावं लागलं?' वाक्य लिहिता आलं नाही, तर त्या सर्टिफिकेटचा निकष आधी दुरुस्त करा, डिझाइनचं नंतर बघू.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर रोजमेळ चुकवू नका!