शीतपेयातली साखर कुणी कमी केली?

आरोग्यदायी आहारासाठीच्या सरकारी धोरणांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘कर लावून लोकांच्या सवयी सुटत नाहीत.’ ब्रिटनने एप्रिल २०१८ पासून गोड शीतपेयांवर कर लावला, तेव्हा तिथेही हेच म्हटलं गेलं. पुढे काय झालं ते मोजलं गेलं आहे, आणि ते आपण नीट समजून घ्यायला हवं.

हा कर गिऱ्हाइकाला अडवण्यासाठी आहे, हा मुळातला गैरसमज. त्याचा खरा रोख उत्पादकांवर होता. सुरुवातीचे दर असे होते: १०० मिलिलिटरमागे साखर ५ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर कर शून्य, ५ ते ८ ग्रॅम असेल तर लिटरला १८ पेन्स, ८ ग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल तर २४ पेन्स. घोषणा मार्च २०१६ मध्ये झाली, अंमल दोन वर्षांनी. मधला काळ कंपन्यांना कृती बदलायला मिळावा म्हणूनच ठेवला होता, आणि बहुतेकांनी ती बदलली. २०१५ मध्ये बाजारातल्या साधारण निम्म्या शीतपेयांत ५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर होती. २०१९ च्या सुरुवातीला अशी पेयं सुमारे १५ टक्के उरली.

स्कॉटलंडच्या लाडक्या, नारिंगी रंगाच्या आयर्न-ब्रूचंच पाहा. त्यात १०० मिलिलिटरमागे १०.३ ग्रॅम साखर असायची. जानेवारी २०१८ मध्ये ती ४.७ ग्रॅमवर आणली गेली, म्हणजे कराच्या रेषेच्या जेमतेम खाली. चाहते चिडले, जुन्या चवीचे कॅन साठवू लागले, सह्यांची मोहीमही निघाली. पण ३३० मिलिलिटरच्या एका कॅनमधून पूर्वी ३४ ग्रॅम साखर पोटात जायची, ती साडेपंधरावर आली. चारेक चमचे साखर कमी झाली, आणि त्यासाठी पिणाऱ्याला कसलाही निग्रह करावा लागला नाही. कोका-कोलाच्या मूळ पेयाची कृती मात्र बदलली नाही. त्यावर कर बसला.

‘मग शीतपेयांचा धंदा बसला असेल.’ तसंही झालं नाही. कर लागू झाल्यानंतरच्या वर्षभरात घरोघरी विकत घेतलेल्या शीतपेयांचं प्रमाण घटलं नाही; त्यांतून येणारी साखर मात्र दर कुटुंबामागे आठवड्याला सुमारे ३० ग्रॅमने, म्हणजे जवळपास १० टक्क्यांनी कमी झाली.

तिजोरीकडे बोट दाखवणारेही आहेत. पहिल्या वर्षी ५२ कोटी पौंड मिळतील असा सुरुवातीचा अंदाज होता. मिळाले सुमारे २४ कोटी. म्हणून धोरण फसलं असं म्हणणं साफ चूक आहे. कंपन्यांनी साखर घटवली म्हणून त्यांचा कर वाचला, आणि सरकारला नेमकं तेच हवं होतं.

कंपन्यांना समजावून सांगितलं तरी पुरतं, असं मानणाऱ्यांसाठी त्याच देशातला दुसरा अनुभव आहे. बिस्किटं, केक, चॉकलेट यांतली साखर २०२० पर्यंत २० टक्क्यांनी घटवावी, असं उत्पादकांना सांगितलं गेलं. सक्ती नव्हती. घट झाली एकूण ३.५ टक्के.

लठ्ठपणाचं उत्तर इतकं सरळ नाही. कर लागू झाल्यानंतर इंग्लंडमधल्या १०-११ वर्षांच्या मुलींमध्ये लठ्ठपणाचं प्रमाण अपेक्षेपेक्षा सुमारे ८ टक्के कमी आढळलं, गरीब भागांत परिणाम अधिक दिसला. त्याच वयाच्या मुलग्यांमध्ये असा फरक दिसला नाही. मुलाच्या वजनामागे घरातलं जेवण, खेळायची जागा, जाहिराती असं बरंच काही असतं. शीतपेयांवरच्या एका कराने ते सगळं सुटावं ही अपेक्षाच अवाजवी आहे. त्या कराला विचारायचा प्रश्न एकच: पेयातली साखर घटली का?

आपल्याकडेही गोड शीतपेयांवर जबर कर आहे, त्यामुळे भारताने हा उपाय आधीच केला आहे असा समज होतो. आधी जीएसटी २८ टक्के आणि वर १२ टक्के उपकर होता, सप्टेंबर २०२५ पासून थेट ४० टक्के आहे. पण हा दर साखरेच्या ग्रॅमवर ठरत नाही. बाटलीत साखर ४ ग्रॅम असो वा ११, दर तोच. साखरेऐवजी दुसरा गोडवा घातला तरीही तोच. साखर कमी करणाऱ्या कंपनीला या करात एका पैशाचीही सवलत नाही. कर आणखी वाढवा अशी मागणी अधूनमधून होते. त्याआधी तो साखरेच्या प्रमाणाशी जोडा, ही मागणी जोरात व्हायला हवी.